कमोडिटी ट्रेडिंगच्या जोखीम विभागासाठी मुलाखती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोखीम विभागासाठी माणूस निवडणे हे ट्रेडर निवडण्यापेक्षा वेगळे कसे?

ट्रेडर भाव कोणत्या दिशेला जाईल याविषयी मत बनवतो आणि त्या मतावर कंपनीचे भांडवल लावतो. जोखीम विभागाचे काम त्यानंतर सुरू होते. नोंदवलेली पोझिशन (म्हणजे हाती असलेले खरेदी-विक्रीचे सौदे) खरोखर तेवढीच आहे का, तिचे मूल्यांकन ट्रेडरपासून स्वतंत्र असलेल्या भावांवर झाले आहे का, ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली गेली आहे का आणि भाव विरुद्ध गेल्यास तोटा किती होईल व त्याआधी रोकड किती लागेल, या प्रश्नांची उत्तरे या विभागाला रोज द्यावी लागतात. त्यामुळे येथे बाजाराचे भाकीत करण्याची हुशारी दुय्यम ठरते. आकड्यामागे कोणता माल, कोणता करार आणि कोणती तारीख आहे हे तपासण्याची सवय, आणि गैरसोयीचा आकडा बरोबर असेल तर त्यावर ठाम राहण्याची वृत्ती, हे दोन गुण मुलाखतीत शोधायचे असतात. सूत्रे नेमणुकीनंतर काही महिन्यांत शिकवता येतात. हे दोन गुण मात्र शिकवून अंगी बाणवणे फार कठीण आहे, आणि म्हणून मुलाखतीचा बहुतेक वेळ त्यांच्यावरच खर्च व्हावा असे माझे स्पष्ट मत आहे.

जाहिरात देण्यापूर्वी काय ठरवले पाहिजे?

“जोखीम विश्लेषक” एवढ्या एका पदनामाखाली किमान तीन वेगळी कामे दडलेली असतात. बाजारभावांची जोखीम मोजणारा, समोरच्या पक्षाची पत तपासून उधारीची मर्यादा ठरवणारा, आणि रोजचा नफा-तोटा तयार करून तो कशामुळे झाला याची फोड करणारा, या तिघांना लागणारी कौशल्ये वेगळी असतात. पत तपासणाऱ्याला ताळेबंद वाचता आला पाहिजे. नफा-तोट्याची फोड करणाऱ्याला सौद्यांची नोंद, भावांची वक्ररेषा (पुढील वेगवेगळ्या महिन्यांचे भाव) आणि हिशेबाची पद्धत यांची घट्ट जाण हवी. नेमका कोण हवा आहे हे मुलाखत मंडळात आधी ठरले नाही, तर प्रत्येक सदस्य आपापल्या मनातल्या वेगळ्या पदासाठी मुलाखत घेतो आणि शेवटी सर्वांना थोडाथोडा आवडलेला, पण कोणत्याच कामाला नीट न बसणारा उमेदवार निवडला जातो.

बँकेच्या जोखीम विभागात काम केलेला उमेदवार येथे चालतो का?

चालतो, आणि अनेकदा उत्तम ठरतो. परंतु शेअर, रोखे किंवा चलनाच्या बाजारातून आलेल्या उमेदवाराला मालाचा बाजार वेगळा का आहे हे समजते का, याची खात्री करून घ्यावी. माल साठवावा लागतो, साठवणुकीला जागा आणि पैसा लागतो, वीज तर मोठ्या प्रमाणावर साठवणे कठीण आणि महाग असते, आणि एका बंदरातील माल दुसऱ्या बंदरात लगेच उपलब्ध नसतो. याच कारणांमुळे एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या महिन्यांचे भाव स्वतंत्रपणे हलतात, आणि साधारणपणे वायद्याची (ठरलेल्या भावाने पुढील तारखेला माल देण्या-घेण्याच्या कराराची) मुदत जवळ येते तशी त्याची अस्थिरता, म्हणजे भावाच्या चढउताराचे प्रमाण, वाढत जाते. “जवळच्या महिन्याचा वायदा दूरच्या महिन्यापेक्षा जास्त का हलतो?” एवढा एकच प्रश्न विचारला तरी उमेदवाराच्या तयारीचा अंदाज येतो. ज्याने हा विषय खरोखर हाताळला आहे तो पुरवठ्यातील तात्कालिक अडचण, साठ्याची पातळी आणि नवे उत्पादन सुरू होण्यास लागणारा वेळ यांविषयी बोलू लागतो.

शैक्षणिक पात्रतेला किती महत्त्व द्यावे?

चाळणी लावण्यापुरते. अभियांत्रिकी, सांख्यिकी, अर्थशास्त्र, लेखाशास्त्र यांपैकी कोणत्याही शाखेतून चांगले लोक येतात. जोखीम व्यवस्थापनाची व्यावसायिक प्रमाणपत्रे उमेदवाराची चिकाटी दाखवतात, परंतु त्यांचा अभ्यासक्रम बराचसा बँकांच्या गरजेवर बेतलेला असल्याने प्रत्यक्ष मालाच्या व्यवहाराविषयी त्यातून फारसे कळत नाही.

तांत्रिक ज्ञान कसे तपासावे? व्हॅल्यू ॲट रिस्कची व्याख्या तर सर्वांना पाठ असते.

म्हणूनच व्याख्या (ठरावीक काळात, ठरावीक विश्वासपातळीला, तोटा किती रकमेच्या पुढे जाणार नाही हे सांगणारा आकडा) विचारू नये. लहानसे उदाहरण सोडवून घ्यावे आणि मग त्यातील गृहीतके एकेक करून काढून घ्यावीत. समजा, एका डेस्कने (ट्रेडरांच्या गटाने) कच्च्या तेलाचे 1,000 वायदे खरेदी केले आहेत, प्रत्येक वायदा 1,000 बॅरलचा आहे, भाव 80 डॉलर आहे आणि दैनिक अस्थिरता 2 टक्के आहे. पोझिशन 10 लाख बॅरलची, म्हणजे 8 कोटी डॉलरची झाली. एका दिवसाचे प्रमाण विचलन 16 लाख डॉलर झाले. आणि 95 टक्के विश्वासपातळीसाठी त्याला 1.645 ने गुणले की सुमारे 26 लाख डॉलर हे उत्तर येते. हा हिशेब उमेदवाराने कागदावर शांतपणे मांडावा एवढीच अपेक्षा आहे. दशांश चुकला तरी बिघडत नाही. बॅरल आणि वायदे यांची गल्लत झाली तर मात्र ती नोंदवून ठेवावी, कारण या व्यवसायात एककांच्या चुका महाग पडतात. तेल कधी बॅरलमध्ये तर कधी टनांत मोजले जाते आणि दोहोंमधील गुणोत्तर तेलाच्या घनतेप्रमाणे बदलते. तांब्याचा भाव एका बाजारात टनाला तर दुसऱ्यात पौंडाला सांगितला जातो.

खरी परीक्षा यापुढे आहे. हाच डेस्क आता पुढच्या महिन्याचे 1,000 वायदे विकतो असे सांगावे आणि जोखीम किती उरली हे विचारावे. एकूण पोझिशन शून्य झाली म्हणून जोखीमही शून्य झाली असे जो म्हणतो, त्याने दोन महिन्यांमधील भावफरकाची जोखीम पाहिलेलीच नाही. अमरंथ या हेज फंडाने 2006 च्या सप्टेंबरमध्ये नैसर्गिक वायूत 6 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गमावली, ती मोठ्या प्रमाणात महिन्या-महिन्यांतील अशाच फरकांवर उभारलेल्या पोझिशनमुळे, आणि पोझिशन बाजाराच्या मानाने इतकी मोठी होती की ती मोडताना भाव आणखी विरुद्ध जात होता. म्हणून पुढचा प्रश्न असा असावा: “ही पोझिशन एका दिवसात मोडता येईल हे तुम्ही कशावरून गृहीत धरले?” येथे उमेदवाराने रोजच्या उलाढालीची चौकशी केली, तर तो योग्य दिशेने विचार करतो आहे. दहा दिवसांचा आकडा काढण्यासाठी दहाच्या वर्गमुळाने गुणणारे बहुतेक सर्वजण असतात; ती पद्धत केव्हा फसते हे सांगणारे थोडे असतात.

हेज, म्हणजे भावाच्या जोखमीविरुद्ध घेतलेले संरक्षण, या विषयावर कोणता प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो?

मी पुढील प्रसंगाला प्राधान्य देईन. कंपनीने 5 लाख बॅरल तेल विकत घेतले आहे, जहाज महिनाभराच्या प्रवासात आहे, आणि भाव घसरण्याच्या भीतीने 500 वायदे विकून ठेवले आहेत. आता भाव बॅरलमागे 10 डॉलरने वाढला. कंपनीची स्थिती काय?

“तेलावर 50 लाख डॉलरचा फायदा, वायद्यांवर तेवढाच तोटा, म्हणून फरक पडत नाही,” हे उत्तर कागदावर बरोबर आहे, पण जोखीम विभागातील माणसाला तेवढे पुरत नाही. वायद्यांवरील तोटा मार्जिन (सौद्यासाठी बाजाराकडे ठेवायची अनामत) म्हणून रोखीने भरावा लागतो, आणि तोही भाव हलेल तसा रोजच्या रोज. तेलावरील फायदा मात्र माल विकून पैसे हाती येईपर्यंत केवळ वहीत राहतो. मधल्या काळात ही रोकड कोठून येणार, बँकेची पतमर्यादा किती शिल्लक आहे, आणि अशा किती जहाजांवर एकाच वेळी हाच प्रसंग ओढवेल, हे विचारणारा उमेदवार हाताशी आला तर त्याला सोडू नये. मेटालगेझेलशाफ्ट या जर्मन कंपनीच्या अमेरिकेतील उपकंपनीने ग्राहकांशी ठरावीक दराने दीर्घ मुदतीचे इंधनपुरवठ्याचे करार केले होते आणि त्यांचा हेज म्हणून अल्प मुदतीचे वायदे खरेदी करून ते दर महिन्याला पुढे ढकलले जात होते. 1993 मध्ये तेलाचे भाव घसरले तेव्हा वायद्यांवरील तोटा लगेच भरावा लागला, करारांवरील लाभ मात्र पुढील अनेक वर्षांत विखुरलेला होता, आणि तोटा सुमारे 1.3 अब्ज डॉलरपर्यंत गेला. ती पोझिशन बंद करण्याचा निर्णय योग्य होता की घाईचा, यावर अभ्यासकांमध्ये पुढे बराच वाद झाला. अनुभवी उमेदवाराला हे प्रकरण देऊन दोन्ही बाजू मांडायला सांगाव्यात.

याच उदाहरणात आणखी एक पदर आहे, जो प्रत्यक्ष मालाच्या व्यवहारात काम केलेल्यांनाच सहसा सुचतो. मालाचा अंतिम भाव अनेकदा एका दिवसाच्या भावावर न ठरता, माल भरल्याच्या तारखेभोवतीच्या काही दिवसांच्या सरासरीवर ठरतो. त्या दिवसांत खरेदीचा भाव थोडाथोडा निश्चित होत जातो आणि हेजही त्याच प्रमाणात बदलावा लागतो. “भाव कोणत्या तारखांवर आणि कोणत्या निर्देशक भावावर ठरणार आहे?” असा उलट प्रश्न उमेदवाराने न सांगता विचारला, तर मुलाखतीच्या टिपणात तो ठळकपणे लिहून ठेवावा.

इतिहासातील घटनांवर प्रश्न विचारणे म्हणजे स्मरणशक्तीची परीक्षा घेणे नव्हे का?

तारखा आणि आकडे विचारले तर नक्कीच. घटनेची माहिती मंडळानेच द्यावी आणि “त्या दिवशी सकाळी तुम्ही जोखीम विभागात असता तर काय तपासले असते?” असे विचारावे. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याची मुदत संपत होती, प्रत्यक्ष माल ओक्लाहोमातील कुशिंग येथे घ्यावा लागणार होता आणि तेथील टाक्यांत मोकळी जागा जवळपास मिळत नव्हती. ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काच्या) मूल्यांकनाचे प्रचलित सूत्र किमतीचा लॉगरिदम घेते, त्यामुळे उणे भाव आला की ते चालतच नाही. एक्स्चेंजने त्यानंतर काही काळ उणे भाव चालणाऱ्या बाशेलिए पद्धतीचा अवलंब केला. या प्रसंगावर चांगला उमेदवार प्रथम सूत्राविषयी बोलेल, त्याहून चांगला उमेदवार मुदत संपत आलेल्या पोझिशन कोणाकडे आहेत आणि माल ताब्यात घेण्याची सोय कोणाकडे नाही हे आधी पाहीन असे म्हणेल.

निकेलचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी वापरावे. 8 मार्च 2022 रोजी लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेलचा भाव टनाला 1,00,000 डॉलरच्या वर गेला, बाजार थांबवण्यात आला आणि त्या दिवशीचे सौदे रद्द करण्यात आले. तोटा टाळण्यासाठी सकाळी पोझिशन बंद केली आणि दुपारी तो सौदाच रद्द झाला, तर तुमच्या अहवालात काय लिहाल? या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. उमेदवार गोंधळाच्या स्थितीत माहिती, गृहीतक आणि अंदाज यांची वेगवेगळी नोंद करतो का, एवढेच पाहायचे असते.

प्रत्यक्ष मालाशी निगडित जोखमीचे प्रश्न कोणते?

माल खरोखर गोदामात आहे का आणि तो कोणाच्या मालकीचा आहे, येथून सुरुवात करावी. 2014 मध्ये चीनमधील छिंगताओ बंदरात एकाच धातूसाठ्यावर अनेक ठिकाणांहून कर्ज उचलल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. गोदामाची पावती हातात असताना आणखी कोणते पुरावे मागाल, तपासणी कोणाकडून कराल, आणि तपासनीस कोणी नेमला हे का महत्त्वाचे आहे, असे विचारावे. त्यानंतर दर्जा, वजनातील घट, विलंबाचे दंड आणि पुरवठादाराने माल देण्यासच नकार देणे यांकडे वळावे. भाव वाढले की ठरलेल्या दराने माल न देण्याचा मोह पुरवठादाराला होतो, म्हणजे भावाची जोखीम आणि पक्षाची जोखीम एकाच वेळी वाढते. हे ज्याच्या लक्षात येते त्याची समज पक्की आहे.

ट्रेडरच्या दबावाला उमेदवार कसा तोंड देईल हे मुलाखतीत कळू शकते का?

पूर्णपणे नाही, पण बरेच कळते. “तुम्ही दबाव कसा हाताळता?” असा थेट प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर प्रत्येकाने घरी तयार केलेले असते. त्याऐवजी मंडळातील एका सदस्याने ट्रेडरची भूमिका घ्यावी. महिनाअखेरीची संध्याकाळ आहे. दूरच्या महिन्यांसाठी जोखीम विभागाने वापरलेला भाव मान्य केल्यास डेस्कचा नफा निम्मा होतो. ट्रेडर म्हणतो, “त्या महिन्यांत व्यवहारच होत नाहीत. मी रोज या बाजारात असतो, तुम्ही नसता. आजचा अहवाल माझ्या भावावर जाऊ द्या, पुढच्या आठवड्यात बोलू.”

येथे दोन प्रकारचे कच्चे प्रतिसाद दिसतात. काही उमेदवार आदबीने माघार घेतात. काही जण ऐकून न घेताच “मी वरिष्ठांकडे तक्रार करीन” असे सांगतात. पहिल्या प्रकाराचा धोका सर्वांना कळतो. दुसराही तितकाच घातक आहे, कारण ट्रेडरचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता असते आणि बाजाराची खरी माहिती पुष्कळदा त्याच्याकडूनच मिळते. परिपक्व उमेदवार पुरावा मागतो: अलीकडचा प्रत्यक्ष सौदा आहे का, एकाहून अधिक दलालांचे भाव लेखी मिळतील का, मागील महिन्यांत हीच वक्ररेषा कोणत्या पद्धतीने ठरवली होती. पुरावा न मिळाल्यास तो स्वतंत्र भावच कायम ठेवतो, मतभेद अहवालात नोंदवतो, आणि अहवाल वेळेवर पाठवतो. मूल्यांकनाची ही शिस्त मोडली की काय होते याचे उदाहरण म्हणजे 2004 मधील चायना एव्हिएशन ऑइल ही सिंगापूरमधील कंपनी. तेलाच्या ऑप्शनमध्ये तिला सुमारे 55 कोटी डॉलरचा तोटा झाला आणि विकलेल्या ऑप्शनचे मूल्यांकन योग्य रीतीने झालेले नव्हते हे नंतर स्पष्ट झाले.

या संवादात भूमिका घेणाऱ्याने आवाज चढवू नये आणि अपमान करू नये. उमेदवाराला घाबरवून काहीही सिद्ध होत नाही, आणि बाजारात आपल्या संस्थेचे नाव मात्र खराब होते.

मुलाखत मंडळात ट्रेडर असावा का?

असावा, परंतु त्याला नकाराधिकार नसावा. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे आहे त्यांनीच लक्ष ठेवणारा निवडणे हे तत्त्वतः चुकीचे आहे. 1995 मध्ये बेअरिंग्ज बँक बुडाली त्यामागे निक लीसन याच्याकडे सौदे करणे आणि त्यांच्या पूर्ततेची नोंद ठेवणे ही दोन्ही कामे असणे हे एक मोठे कारण होते, आणि नेमणुकीतील स्वातंत्र्य हा त्याच विभागणीचा भाग आहे. ट्रेडरचे मत मात्र मोलाचे असते. उमेदवाराला बाजाराची भाषा समजते का हे तो पाच मिनिटांत ओळखतो.

संगणकीय चाचणी कशी घ्यावी?

तास-दीड तासाची, आणि जाणीवपूर्वक सदोष माहितीवर. शेदोनशे सौद्यांची एक फाइल द्यावी; तीत एक सौदा दोनदा नोंदवलेला असावा, एकाचे चिन्ह उलटे असावे, एका ठिकाणी टनांऐवजी पौंड असावेत आणि एका दिवसाचा भाव आदल्या दिवसावरून तसाच उचललेला असावा. स्प्रेडशीट वापरायची की पायथन हे उमेदवारावर सोडावे. ज्याने सुंदर आलेख काढला पण दुहेरी सौदा पाहिला नाही, त्याच्यापेक्षा ज्याने अर्धेच काम केले पण चारपैकी तीन चुका शोधून त्यांची यादी दिली, तो या कामाला अधिक योग्य आहे. घरी करायला दिलेल्या, शनिवार-रविवार खाणाऱ्या चाचण्या टाळाव्यात; नोकरी आणि घर सांभाळणारे अनुभवी उमेदवार त्यामुळेच गळतात.

प्रतिस्पर्धी कंपनीतील उमेदवाराला तेथील पोझिशनविषयी विचारावे का?

कधीही विचारू नये. पद्धती, तत्त्वे आणि स्वतःचा वाटा यांविषयी विचारावे. उमेदवार स्वतःहून नावे, मर्यादा किंवा सौदे सांगू लागला तर त्याला थांबवावे आणि निवडीच्या वेळी ती गोष्ट लक्षात घ्यावी, कारण उद्या तो आपली माहितीही अशीच बाहेर सांगेल.

अगदी नवख्या उमेदवाराकडून काय अपेक्षा ठेवावी?

बाजाराच्या माहितीची फारशी नाही. कुतूहल, अंकांची सहज जाण आणि “मला माहीत नाही, पण असे शोधून काढीन” असे न संकोचता म्हणण्याची तयारी पुरेशी आहे. त्याला एखाद्या ओळखीच्या वस्तूचा भाव कशाकशाने बदलतो हे सांगायला लावावे आणि त्याच्या उत्तरावर चार वेळा “का?” विचारावे.

उमेदवारांची तुलना करताना मतभेद झाले तर?

प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी आपले गुण आणि कारणे लेखी द्यावीत, म्हणजे ज्येष्ठ सदस्याच्या मताकडे बाकीचे झुकत नाहीत. सर्व उमेदवारांना मुख्य प्रसंग तेच द्यावेत. “आपल्यात मिसळेल असा वाटतो” हे एकच कारण पुरेसे मानू नये; जोखीम विभागात सर्वांशी सहज जुळवून घेणारा माणूस नेहमीच चांगला असतो असे नाही.

उमेदवाराने आम्हाला प्रश्न विचारले तर किती मोकळेपणाने उत्तर द्यावे?

पूर्ण मोकळेपणाने. चांगला उमेदवार हे तीन प्रश्न हमखास विचारतो: जोखीमप्रमुख कोणाला जबाबदार आहे, मर्यादा ओलांडल्याची शेवटची घटना कशी हाताळली गेली, आणि जोखीम विभागाचा बोनस डेस्कच्या नफ्यावर अवलंबून आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावे आणि आकडे वगळूनही देता येते. जोखीमप्रमुख ट्रेडिंगप्रमुखाच्या हाताखाली असेल, तर ते लपवू नये. उमेदवार रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला ते कळेल. या एका कारणावरून दोन-तीन चांगल्या उमेदवारांनी नकार दिला असेल, तर पगार वाढवून तीच जाहिरात पुन्हा देण्यात अर्थ नाही. आधी ती रचना बदलण्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे ठेवावा आणि निर्णय होईपर्यंत भरती थांबवावी.